पंप मोठा नको, वाटणी नीट करा!

डिसेंबर महिना. सकाळचे साडेसहा. बी विंगचा दुसरा मजला. खांद्यावर टॉवेल, हातात बादली, तोंडात ब्रश आणि नजर नळाकडे. दर दोन मिनिटांनी कुणीतरी धारेखाली बोट धरतो आणि "अजून नाही रे..." म्हणत मागे सरकतो. आपल्या हॉस्टेलवर एक हिवाळा काढलेल्या कोणालाही हे चित्र समजावून सांगायची गरज नाही.

गेल्या वर्षी याच प्रश्नावर एक अर्ज फिरला होता. गच्चीवर सोलरची आणखी एक टाकी बसवावी आणि गरम पाण्याच्या लाइनला चांगला दणदणीत पंप लावावा, अशी त्यात मागणी होती. भराभर सह्या झाल्या. वरून तिसरी सही माझी होती. मित्रहो, आज या लेखातून ती सही मी जाहीरपणे मागे घेतो आहे. अर्ज अजून ऑफिसात आहे, यंदा त्यावर निर्णय होणार असं ऐकतो, आणि आपल्याच मेंटेनन्स फीचे पैसे त्यात जाणार आहेत. म्हणून हे आत्ताच लिहितोय.

माझं मत बदललं ते मध्यंतरी प्रोजेक्टसाठी सहा महिने जर्मनीत राहिलो तेव्हा. (परदेशात जाऊन आलेला माणूस "तिकडे ना..." केल्याशिवाय राहत नाही, हे मान्य! पण थोडा वेळ सहन करा. शेवटी मी आपल्याच गच्चीवर येणार आहे.)

घर गरम ठेवायची भानगड

आपल्याकडे घर थंड कसं ठेवायचं याची चिंता, तर तिकडे गरम कसं ठेवायचं याची. ऑक्टोबर ते एप्रिल खोल्या तापवाव्याच लागतात. बहुतेक अपार्टमेंटमध्ये यासाठी पाणी वापरतात. तळघरात एक बॉयलर असतो, बहुधा गॅसवर चालणारा. त्यात तापलेलं पाणी पंप वरच्या मजल्यांवर ढकलतो. प्रत्येक खोलीत खिडकीखाली पत्र्याचा चपटा रेडिएटर असतो. गरम पाणी त्यात शिरतं, खोलीला उष्णता देतं, गार होतं आणि दुसऱ्या पाइपने परत बॉयलरकडे जातं. तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं. याला म्हणतात हायड्रॉनिक हीटिंग.

जर्मन घरांत जी ऊर्जा लागते तिच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश एकट्या खोल्या गरम ठेवण्यात जाते. त्यामुळे तिथे एखाद्याने दिवे बंद करून वीज वाचवली आणि हीटिंगकडे पाहिलंच नाही, तर ती गत "मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा" अशी होते.

माझी खोली वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला होती. रेडिएटरचा नॉब ५ वर, म्हणजे पूर्ण उघडा. तरी खोलीत १७ अंश! स्वेटर, त्यावर जॅकेट, त्यावर चादर, असा अवतार करून मी रिपोर्ट टाइप करायचो. एकदा तळमजल्यावर एका नागपूरच्या मित्राकडे गेलो, तर हा गडी बाहेर बर्फ पडत असताना हाफ पँटवर बसलेला आणि खिडकी सताड उघडी! म्हणाला, "अबे, इथे उकडून राहिलंय!"

एकच इमारत, एकच बॉयलर, एकच बिल. वरचे कुडकुडताहेत आणि खालचे रस्ता गरम करताहेत.

आम्ही वरच्या मजल्यावाल्यांनी काय केलं असेल? अर्ज! पंप वाढवा, बॉयलरचं तापमान वाढवा. इमारतीची देखभाल बघणाऱ्या काकांनी (त्यांना तिकडे हाउसमाइस्टर म्हणतात) पंपाचा वेग वाढवला. परिणाम काय? माझी खोली १८ वर आली, पाइपांतून रात्रभर शिट्टीसारखा आवाज यायला लागला आणि नागपूरकराने दुसरी खिडकीही उघडली.

मग एक दिवस हीटिंगचा तंत्रज्ञ आला. मला वाटलं, आता हा नवा पंप बसवणार. त्याने बसवलं काहीच नाही. हातात तक्ता घेऊन दोन दिवस खोली-खोली फिरला. रेडिएटरची लांबी-उंची लिहून घेतली, खोलीला बाहेरच्या भिंती किती ते पाहिलं आणि त्या हिशोबाने प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हच्या आतली एक छोटी रिंग फिरवून ठराविक आकड्यावर ठेवली. तळमजल्यावरच्या व्हॉल्व्हचा मार्ग अरुंद केला, आमचा पूर्ण मोकळा ठेवला. शेवटी तळघरात जाऊन पंपाचा वेग चक्क कमी केला आणि बॉयलरचं तापमानही उतरवलं. दोन दिवसांनी माझ्या खोलीत २० अंश होते, नागपूरकराची खिडकी बंद होती आणि शिट्टी थांबली होती.

या प्रकाराला हायड्रॉलिक बॅलन्सिंग म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण अर्थ अगदी साधा. पाण्याची वाटणी नीट करणे.

जरा हिशोब मांडू या

इलेक्ट्रिकलच्या मित्रांना हे लगेच कळेल. सगळे रेडिएटर समांतर, म्हणजे पॅरलल जोडलेले असतात. ज्या शाखेचा रोध कमी तिच्यातून प्रवाह जास्त. पंपाजवळच्या रेडिएटरपर्यंतचा पाइप छोटा, रोध कमी, म्हणून पाणी तिकडे धावतं. टोकाच्या रेडिएटरच्या वाट्याला उरलंसुरलं. पंप मोठा केला तरी हे प्रमाण तसंच राहतं. जवळच्याला आणखी जास्त, लांबच्याला किंचित जास्त.

आणि जवळच्याला मिळालेल्या त्या जास्तीच्या पाण्याचं होतं तरी काय? मी परत आल्यावर हा हिशोब वहीवर मांडून पाहिला. समजा, रेडिएटरमध्ये पाणी ७० अंशांनी शिरतं, ५० अंशांनी बाहेर पडतं आणि खोली २० अंशांवर आहे. रेडिएटरची उष्णता ही पाण्याचं सरासरी तापमान आणि खोलीचं तापमान यांतल्या फरकाच्या साधारण १.३ या घातानुसार बदलते. आता प्रवाह दुप्पट करा. उष्णता दुप्पट होईल? मुळीच नाही! ती वाढते अवघी १४ टक्के. पाणी घाईघाईने आत शिरतं, घाईघाईने बाहेर पडतं आणि ५० ऐवजी ५८ अंशांहून जास्त गरम असतानाच परत जातं.

उलट प्रवाह निम्मा केला तर? उष्णता निम्मी होत नाही, ८० टक्के मिळतच राहते. पाणी निवांत फिरतं, जवळची उष्णता खोलीला देतं आणि ३८ अंशांच्या आसपास गार होऊन परत येतं.

आता पंपाकडे बघा. फ्लुइड मशिनरीच्या व्हायवामध्ये आपण जे अॅफिनिटी लॉज घडाघडा म्हणून दाखवतो (आणि बाहेर पडल्यावर विसरतो), ते इथे लागू होतात. त्याच पाइपांतून दुप्पट पाणी ढकलायचं तर पंपाला शक्ती लागते आठपट. म्हणजे वीज आठपट आणि जास्तीची उष्णता १४ टक्के. असा व्यवहार आपण मेसच्या कंत्राटदाराशी तरी करू का?

अजून एक गोष्ट. हल्लीचे गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचे असतात. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. ती वाफ बॉयलरमध्येच गार होऊन तिचं पाणी झालं, तर तिच्यातली सुप्त उष्णताही कामाला येते. नैसर्गिक वायूच्या बाबतीत ही उष्णता नेट कॅलरिफिक व्हॅल्यूच्या जवळजवळ ११ टक्के भरते. पण त्यासाठी परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांपेक्षा गार हवं. ५८ अंशांचं पाणी परत पाठवलंत, तर महागडा कंडेन्सिंग बॉयलर घेऊनही ती वाफ धुराड्यातून बाहेरच जाणार. बॉयलरच्या माहितीपत्रकात छापलेली कार्यक्षमता तळघरात ठरत नाही, ती वरच्या खोल्यांमधल्या व्हॉल्व्हवर ठरते!

म्हणून माझं म्हणणं असं, की यंत्र बदलण्याआधी वाटणी बदला. नवा बॉयलर किंवा मोठा पंप म्हणजे पुष्पगुच्छ, फोटो आणि उद्घाटन. व्हॉल्व्हची रिंग फिरवण्याचं उद्घाटन कोण करणार? बहुधा म्हणूनच ती फिरवायची राहून जाते.

आणि हे फक्त माझं म्हणणं नाही. २०२२ साली रशियाकडून येणाऱ्या गॅसची टंचाई झाली, तेव्हा जर्मन सरकारने घाईने जे नियम काढले त्यांत हा मुद्दा होता. गॅसवरच्या सेंट्रल हीटिंगच्या मोठ्या निवासी इमारतींनी हायड्रॉलिक बॅलन्सिंग करून घेतलंच पाहिजे. १० किंवा त्याहून जास्त घरांच्या इमारतींना सप्टेंबर २०२३ पर्यंत आणि ६ पासून पुढे घरं असलेल्यांना सप्टेंबर २०२४ पर्यंत मुदत दिली होती. पंपांच्या बाबतीत तर युरोपियन युनियनने त्याआधीच पाऊल उचललं होतं. हीटिंगच्या छोट्या पंपांवर २०१३ पासून कार्यक्षमतेची अट आली आणि २०१५ मध्ये ती आणखी कडक झाली.

मीटर नसेल तर खिडकी हाच थर्मोस्टॅट

एक गोष्ट मात्र फक्त व्हॉल्व्हने सुटत नाही. ती म्हणजे माणूस.

जुन्या पूर्व जर्मनीत काँक्रीटच्या तयार स्लॅब जोडून उभारलेल्या शेकडो वसाहती होत्या. अनेक इमारतींत रेडिएटरला बंद-चालू करायची नीट सोयच नव्हती आणि हीटिंगचे पैसे ठराविक, भाड्यातच धरलेले. मग उकडलं की लोक खिडकी उघडत. दुसरं करणार काय? १९९० नंतर, दोन्ही जर्मनी एक झाल्यावर, या इमारतींत थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह आणि वापर मोजायची साधनं बसवली गेली. हा व्हॉल्व्ह मोठा गमतीशीर असतो. त्याच्या नॉबमध्ये द्रव, वायू किंवा मेण भरलेली एक छोटी डबी असते. खोली तापली की ते प्रसरण पावतं आणि व्हॉल्व्ह आपोआप मिटत जातो. ना वीज, ना वायर. नॉबवरचा ३ चा आकडा म्हणजे साधारण २० अंश. मी तो ५ वर ठेवत होतो, कारण मला वाटायचं ५ वर खोली लवकर तापते. तसं काही नसतं. ५ म्हणजे "२८ अंश होईपर्यंत थांबू नकोस" एवढाच त्याचा अर्थ. चार वर्षं मेकॅनिकल शिकून मला हे त्या हाउसमाइस्टर काकांकडून कळलं!

पश्चिम जर्मनीत १९८१ पासून असा नियम आहे, की इमारतीच्या हीटिंगच्या खर्चातला किमान ५० आणि जास्तीत जास्त ७० टक्के भाग प्रत्येक घराच्या मोजलेल्या वापराप्रमाणे वाटायचा आणि बाकीचा घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे. आजही सगळ्या जर्मनीत हीच पद्धत आहे. पूर्ण १०० टक्के वापरावर का नाही? कारण उष्णता भिंती मानत नाही. मधल्या मजल्यावरच्या घराला वरून, खालून, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांची ऊब फुकट मिळते. टोकाच्या घराला दोन-तीन बाजूंनी थंडी झोंबते. टोकाचा माणूस जास्त जाळतो म्हणून तो उधळ्या ठरत नाही, इमारतच त्याला जास्त जाळायला लावते.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आता आपण गच्चीवर येतोय.

आता आपली गच्ची

आपल्याकडे रेडिएटर नाहीत. आपल्याकडे आहे ए विंगच्या गच्चीवरची सोलरची टाकी आणि तिथून निघालेला गरम पाण्याचा पाइप. हे पाणी फिरून परत येत नाही, आपल्या अंगावरून मोरीत जातं. एवढा फरक सोडला तर बाकी गोष्ट तीच. एक उगम, पुष्कळ शाखा आणि टोकाला कुडकुडणारी बी विंग.

दिवाळीनंतर मी आणि माझ्या रूममेटने एक काम केलं. लॅबमधून सरांची परवानगी घेऊन एक थर्मामीटर आणला आणि लागोपाठ चार दिवस पहाटे उठलो (आमच्या इतिहासातली अभूतपूर्व घटना). टाकीपाशी पाणी होतं ५८ अंश. बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या नळाला, गार पाणी निघून गेल्यावर, ४६ अंश. धार मोजली तर मिनिटाला जेमतेम २ लिटर. त्याच वेळी तळमजल्यावरचे सगळे नळ धो-धो वाहत होते.

१२ अंश गेले कुठे? मुख्य पाइप एक इंची, उघडा, गच्चीवरून वाऱ्यात गेलेला. पावलांनी मोजला तर ४० मीटर भरला. ५५ अंशांच्या आसपास पाणी आणि १५ अंशांची हवा असताना असा उघडा पाइप मीटरमागे साधारण ४० वॅट उष्णता वाऱ्यावर सोडतो. ४० मीटरचे झाले १६०० वॅट. मिनिटाला २ लिटर पाण्यातून १६०० वॅट काढले तर तापमान साडेअकरा अंशांनी उतरायला हवं. आमच्या थर्मामीटरवर उतरलं १२! हीट ट्रान्सफरचं प्रॅक्टिकल इतकं जमून आलेलं मी तरी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. जर्नलमध्ये एवढं कधी जुळत नाही.

दुसरा हिशोब. एक इंची पाइपच्या एका मीटरमध्ये जवळजवळ अर्धा लिटर पाणी मावतं. ४० मीटरमध्ये २० लिटर. म्हणजे एक बादली. रोज सकाळी पहिला उठणारा ही एक बादली गार पाणी मोरीत ओततो आणि सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर तितकंच गरम पाणी पाइपमध्ये राहून गार होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिसरा हिशोब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आंघोळीला ४० अंशांचं २० लिटर पाणी हवं आणि गार पाणी १८ अंशांचं आहे असं धरा. ए विंगवाल्याला ५८ अंशांचं पाणी मिळतं, त्याला त्यातलं ११ लिटर पुरतं. बी विंगवाल्याला ४६ अंशांचं मिळतं, त्याला १६ लिटर घ्यावं लागतं आणि ते भरायला आठ मिनिटं लागतात. "बी विंगवाले फार पाणी उडवतात" असं मेसमध्ये सर्रास म्हटलं जातं. मीही म्हणायचो, कारण पहिली दोन वर्षं मी ए विंगला होतो. मित्रांनो, बी विंगवाला उधळ्या नाही. पाइपच त्याला जास्त पाणी घ्यायला लावतो.

आणि इतकं करून ज्याला पाणी मिळत नाही, तो काय करतो? तो गादीखालून रॉड काढतो. हे रेक्टर सरांना माहीत आहे, आपल्यालाही माहीत आहे, फक्त कोणी बोलत नाही. दीड हजार वॅटचा रॉड एका बादलीला वीस मिनिटं घेतो आणि अर्धं युनिट वीज खातो. विजेचं सोडा. ओली फरशी, लोखंडी कॉट, सैल पिन आणि झोपाळलेला माणूस, हे कॉम्बिनेशन जीवघेणं आहे. सर येऊन रॉड जप्त करतात, दंड होतो, आठवड्याने नवीन रॉड येतो. रॉड जप्त करून हा प्रश्न सुटणार नाही. रॉडची गरज संपली तर सुटेल.

चौथी आणि शेवटची नोंद. चारही दिवस साडेनऊला, सगळे कॉलेजला पळाल्यावर, टाकीच्या तोंडाशी पाणी अजून ५० च्या वर होतं. म्हणजे गरम पाणी कमी नाहीच. ते पोचत नाही! मग दुसरी टाकी कशासाठी? आणखी पाणी न पोचवण्यासाठी?

आणि पंप? आज आपलं पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली येतं, फुकट. पंप लावला की विजेचं बिल सुरू आणि वीज गेली की गरम पाणीही गेलं. शिवाय जवळचे नळ आणखी जोरात सुटणार, टाकी आणखी लवकर रिकामी होणार. माझ्या जर्मन खोलीची शिट्टी मला आत्ताच ऐकू यायला लागली आहे.

मग करायचं काय?

माझ्या मते ही कामं, याच क्रमाने.

पहिलं, पाइपला इन्सुलेशन, म्हणजे आपल्या भाषेत लॅगिंग. इंचभर जाडीचं चांगलं इन्सुलेशन घातलं आणि उन्हापावसाने खराब होऊ नये म्हणून वरून पत्र्याचं आवरण दिलं, तर ४० वॅटचे १० वॅट होतात. रात्रभरात पाइप गार होणारच, तिथे इन्सुलेशनही हात टेकतं. पण सहा ते नऊच्या दरम्यान दोन आंघोळींच्या मध्ये उघडा पाइप अर्ध्या-पाऊण तासात अर्धा गार होतो, त्याला मग दोन तासांहून जास्त लागतील.

दुसरं, वाटणी. प्रत्येक मजल्याच्या शाखेवर एक व्हॉल्व्ह बसवायचा आणि सगळे नळ उघडे ठेवून, बादली आणि घड्याळ घेऊन, प्रत्येक मजल्यावर सारखी धार येईपर्यंत तो लावायचा. तळमजल्याला दाब जास्त, तिथला जरा मिटवायचा. आपल्या प्लंबर काकांना हे आपल्यापेक्षा चांगलं जमेल, त्यांना फक्त कोणीतरी "सगळ्या मजल्यांचं एकदम बघा" असं सांगायला हवं. आजवर प्रत्येक तक्रारीला त्यांना एकट्या नळासाठीच बोलावलं गेलं.

तिसरं, मोजणी. दोन्ही विंगच्या गरम लाइनवर एक-एक पाण्याचा मीटर आणि एक-एक थर्मामीटर. आकडे रोज नोटीस बोर्डावर. बिल विभागून घ्या असं मी म्हणत नाही, पण आकडा दिसला तरी पुष्कळ फरक पडतो.

हे झाल्यावरही बी विंगला पाणी उशिरा येत असेल, तर परतीचा एक पाइप आणि अगदी छोटा पंप टायमरवर लावावा, जो पहाटे अर्धा तास पाणी टाकीकडे फिरवून आणेल. मात्र हे लॅगिंगनंतरच! उघड्या पाइपांतून पाणी फिरवलं तर टाकीच गार होईल. आणि एक सावधगिरी. रेडिएटरचं पाणी बंद चक्रात फिरतं म्हणून जर्मनीत ते कमी तापमानावर चालवता येतं. आंघोळीचं साठवलेलं पाणी मुद्दाम कोमट ठेवू नये, त्यात जंतू वाढू शकतात. तिकडची प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी इकडे आणायची नसते.

"पोरं व्हॉल्व्ह फिरवतील हो!" असं एका सरांचं म्हणणं पडलं. सर, बरोबर आहे, फिरवतील. मी स्वतः फिरवला असता. म्हणून हँडल काढून ठेवायचं, वर टोपी लावायची आणि किल्ली ऑफिसात. तिकडेही तसंच करतात. तिथली पोरंही काही साधुसंत नाहीत!

"एवढ्याशा कामासाठी तुझा जर्मनीचा पुराण कशाला?" असं माझा रूममेट म्हणतो. त्याला माझं उत्तर असं. हे ज्ञान बर्फापुरतं नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये, मॉलमध्ये, आयटी पार्कमध्ये जे सेंट्रल एसी असतं, त्यात हेच चाललेलं असतं. फक्त गरम पाण्याऐवजी गार पाणी फिरतं. तिथेही एक मजला गोठतो, दुसरा घामाघूम होतो आणि लोक मोठा पंप मागतात. उद्या त्या इमारती आपल्यापैकीच कुणाच्या तरी हाताखाली असणार आहेत. चाळीस मीटरचा पाइप आज नीट करता आला नाही, तर वीस मजल्यांचा टॉवर काय करणार?

माझी विनंती एवढीच. जुना अर्ज बाजूला ठेवावा. त्यातल्या पैशांतला थोडा भाग लॅगिंग, व्हॉल्व्ह आणि मीटरवर खर्च करावा आणि एक हिवाळा पाहावा. तरीही पाणी पुरलं नाही तर दुसऱ्या टाकीच्या अर्जावर पहिली सही माझी. मोजमापाची वही मेकॅनिकलच्या नोटीस बोर्डाशेजारी टांगून ठेवली आहे. चूक सापडली तर जरूर दाखवा. आणि ज्यांना पहाटे साडेपाचला थर्मामीटर घेऊन गच्चीवर यायची हौस आहे, त्यांनी रूमवर येऊन भेटावं. चहा माझ्याकडून. फक्त तो रॉडवर केलेला नसेल!

– बी विंगचा एक रहिवासी, अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी